पालाश भरपूर

सोमवार, ६ जानेवारी २०२५

पाच पॉइंट नऊ!

आबांचं पोटॅशियम. वर नाव राधाकिशन, बाजूला लाल अक्षरात 'जास्त' अशी खूण. रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा मी प्रयोगशाळेत मशीनसमोर बसले होते आणि काय करत होते, तर पोटॅशियमच मोजत होते – मातीतलं. आमच्याकडं त्याला पालाश म्हणतात. एकवीस वर्षं झाली ह्या माती परीक्षणाच्या नोकरीला. हजारो शेतांचं पालाश ह्या हातानं लिहिलं, कधी काही वाटलं नाही. आज बापाचं वाचलं आणि हातातली नळी खाली ठेवावी लागली.

झालंय असं – आबांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचाय. सेलूच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितलं. आबांच्या गावी, वालूरलाच रक्त घेतलं, नळी सेलूला गेली. साखर ठीक, हिमोग्लोबिन ठीक, आणि हे! डॉक्टर म्हणाले, आधी ह्याचं बघा, मग डोळ्याचं.

नॉर्मल म्हणजे साडेतीन ते पाच पॉइंट एक. म्हणजे पुरतं एकसुद्धा जास्त नाही. मातीत हेक्टरी पन्नास किलो इकडंतिकडं झालं तरी कोणी ढुंकून बघत नाही. सत्यशीला शेजारच्या टेबलावरून म्हणाली, "मॅडम, एवढ्याशानं काय होतंय!" मलाही तसंच वाटलं. मग नेटवर शोधलं. नसतं शोधलं तर बरं झालं असतं. हृदयाचे ठोके बिघडतात, हातपाय गळतात, कधी कधी काहीच न कळता हृदय बंद पडतं. मोबाईल पालथा ठेवला. पाच मिनिटांनी पुन्हा उघडला.

आबांना फोन केला. म्हटलं, आबा, तुमच्या रक्तात पालाश जास्त निघालंय. तर खूश!

"भरपूर हाय म्हण की! मग चांगलंच हाय. पालाशनं दाणा भरतो, चकाकी येती. तूच सांगत असतीस लोकायला."

ह्या माणसापुढं डोकं आपटावं का काय करावं!

मंगळवार, ७ जानेवारी

ऑफिसातून येताना डॉक्टर प्रियदर्शनीकडं गेले. इथं परभणीत, आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरचाच दवाखाना. वयानं लहान आहे, पण समोरच्याचं ऐकून घेते. रिपोर्ट बघून पहिला प्रश्न – "रक्त काढलं कसं?"

मी म्हटलं, सुईनं!

ती हसली नाही. कागदावर गोल काढून समजावलं. शरीरातलं बहुतेक सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं. बाहेर, रक्ताच्या पाण्यात, अगदी थोडं. तपासणी होते ती ह्या बाहेरच्या थोड्याची. रक्त काढताना दंड लय वेळ आवळून ठेवला, मूठ सारखी उघडझाप करायला लावली, दोन-तीनदा टोचलं, नाहीतर नळी हिंदकळत गेली, की तांबड्या पेशी फुटतात. आतलं बाहेर येतं आणि आकडा फुगतो. माणूस ठणठणीत असतो, नमुना बिघडलेला असतो. मग तिनं रिपोर्टच्या तळाशी बोट ठेवलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं – नमुन्यात पेशी फुटल्या आहेत, पुन्हा तपासणी करावी.

मी ती ओळ वाचलीच नव्हती! मी! दिवसातून चाळीस शेतकऱ्यांना बजावते – बांधाजवळची माती आणू नका, झाडाखालची आणू नका, उकिरड्याजवळची तर मुळीच नको, नमुना चुकला तर रिपोर्ट चुलीत घाला. आणि घरचा रिपोर्ट आला तर नुसता लाल आकडा बघून पांढरी पडले.

आबांना विचारलं, कसं काढलं होतं रक्त? "इचारूच नको. तीनदा टोचलं. दंडाला रबर आवळलं अन् फोनवर बोलायला भाईर गेलं ते पोरगं. हात निळा पडलाय सगळा." बरोबर! म्हणजे तसंच असणार.

पण डॉक्टर म्हणाली, 'असणार' चालत नाही, पुन्हा करा. सोबत क्रिएटिनिन करा, मागच्या वेळी केलंच नाही. किडनी जादा पोटॅशियम लघवीवाटे बाहेर काढते. किडनी कमी पडली तर आकडा खरंच चढतो. बीपीच्या काही गोळ्यांनीही थोडा चढतो, आबांची गोळी त्यातलीच आहे.

म्हणजे एकच आकडा – आणि तो खोटाही असू शकतो, गोळीचाही असू शकतो, किडनीचाही. रक्तापेक्षा माती बरी.

बुधवार, ८ जानेवारी

आबा नाही म्हणतात. पुन्हा रक्त देणार नाहीत. "माझा हात हाय का वांगं? भरीत करायलेत नुसतं."

गुरुवार, ९ जानेवारी

आज तीनदा फोन. तिसऱ्या वेळी मी ओरडले – मी रजा टाकून येते आणि शाळेत नेतात तसं बखोटीला धरून नेते! त्यांनी फोन ठेवून दिला. ज्या माणसानं रानात नाग मारला, तो चार बोटांच्या सुईला भितो. आई होती तेव्हा ती बरोबर जायची, दुसरा हात धरून बसायची. आई गेल्यापासून आबा दवाखान्याचं नावच काढत नाहीत.

शेवटी बन्सीधरकाकांना फोन केला. शेजारी घर, शेजारी शेत, आणि लहानपणापासून दोघं एकमेकांचे. रेशनच्या रांगेत एक उभा राहिला की दोघांचा नंबर लागला. सोसायटीच्या मीटिंगला एकानं जायचं आणि दोघांच्या सह्या ठोकायच्या. गावात कोणाला त्याचं काही वाटत नाही. काका म्हणाले, "तू फिकीर करू नको पोरी. उद्या सकाळी काम झालं म्हणून समज."

शुक्रवार, १० जानेवारी

झालं! काकांनी सकाळी नऊलाच फोन केला. "एका झटक्यात बघ. मुंगी चावल्यावाणी. उगं लोकं भेतेत."

आबांना विचारलं, दुखलं का हो? "न्हाई गं. मला तर काही समजलंबी न्हाई." मग इतके दिवस नाटकं कशाला केली, बाई!

शनिवार, ११ जानेवारी

६.६.

क्रिएटिनिन ३.८. एक पॉइंट तीनच्या आत पाहिजे.

ह्या वेळी तळाची ओळ आधी वाचली. तिथं काहीच नव्हतं. सेलूच्या लॅबला फोन केला – "नमुना एकदम स्वच्छ होता मॅडम, आम्ही दोनदा लावला." डॉक्टर प्रियदर्शनीला रिपोर्ट पाठवला. अर्ध्या मिनिटात तिचाच फोन. "आत्ता आणा. उद्या नाही, आत्ता."

हे शाळेतून तसेच निघाले, गाडी काढली, वालूर. रस्ताभर मनात काय काय आलं ते लिहवत नाही. आबा पडलेले दिसतील, घाम फुटलेला दिसेल… पोचलो तर ओट्यावर बसून पेरू खात होते! काकांसोबत! मी हातातला पेरू हिसकावून फेकला.

आकडा सांगितला. आबा काकांकडं बघायला लागले, काका आबांकडं. आणि दोघं हसायला लागले! आबा म्हणाले, "मशीन खोटं हाय ते."

रस्त्यानं तेच. ईसीजी काढला तेव्हा तेच. ईसीजी चांगला निघाला, देवाची कृपा. डॉक्टर म्हणाली, चांगली गोष्ट आहे, पण ह्या आकड्याला नुसत्या ईसीजीवर विसंबून चालत नाही. ॲडमिट व्हा, आत्ता पुन्हा रक्त पाठवते तपासायला. आबा खाटेवरून उतरले, चप्पल घातली. "सुई न्हाई अन् ॲडमिट बी न्हाई. मला काई झालं न्हाई. मला ठाऊक हाय." असं म्हणाले जसं काही आतलं गुपितच ह्यांना माहीत आहे! डॉक्टरनं कागदावर लिहून घेतलं की पेशंट नको म्हणतो. सही मी केली.

बीपीची ती गोळी बंद, दुसरी सुरू. पाण्यात कालवून घ्यायची पावडर, दिवसातून तीनदा. आणि खाण्याची भली मोठी यादी. लघवी कमी झाली, पाय गळाले, धडधडलं, छातीत कसंतरी झालं, तर एक मिनिट न थांबता घेऊन यायचं.

आता आबा आमच्याकडं आहेत. बैठकीत टीव्ही बघतायत. मी दर अर्ध्या तासानं काहीतरी निमित्त काढून जाते आणि छाती हलते का बघते.

रविवार, १२ जानेवारी

स्वयंपाकघर म्हणजे माझी दुसरी प्रयोगशाळा झालीय. पालक बंद, टोमॅटो बंद, बटाटा नको, केळ नको, मोसंबी नको, चिकू नको. बाकी भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या, ते पाणी ओतून द्यायचं, मग फोडणी. सगळी चव मोरीत जाते. आबांनी दोडक्याचा एक घास घेतला. "हे काय, धुणं केलंय का?"

आणि मिठाचा पुडा! ह्यांनी दिवाळीपासून बीपीसाठी चांगलं म्हणून कमी सोडियमचं मीठ आणायला सुरू केलंय. आज पहिल्यांदा मागची बाजू वाचली. पोटॅशियम क्लोराइड! माझ्या ऑफिसच्या फडताळात त्याचीच बाटली आहे, मशीनला आकडा शिकवायला तेच पाण्यात मिसळून वापरते मी. पुडा उचलून बाहेर टाकला. ह्यांनी विचारलं, अगं नवीन होता! मी म्हटलं, एक शब्द बोलू नका.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. आबांना एक तिळगूळ दिला, अर्धा परत काढून घेतला. घरात कोणी गोड बोलायच्या मनःस्थितीत नाही.

बुधवार, १५ जानेवारी

आबा बिमार आहेत ही खबर वालूरहून परभणीत कशी पोचते देव जाणे. दोन दिवसांत अकरा जण येऊन गेले. आणि आजाऱ्याला भेटायला कोणी मोकळ्या हातानं येतं का! शहाळी, केळी, मोसंबी, पुन्हा शहाळी. एका मावसबहिणीनं तर पेंडखजूर आणलं, अशक्तपणा जातो म्हणे. एकेक वस्तू डॉक्टरच्या यादीतली, जणू यादी वाचूनच बाजारात गेले. नको म्हटलं तर लोकांना राग येतो. ठेवून घेते, आबांच्या नजरेआड, वॉशिंग मशीनच्या मागं.

आज अर्धी रजा टाकली होती. दुपारी बन्सीधरकाका आले, बस बदलून, एवढ्या लांब. बरं वाटलं. आबांचा चेहरा उजळला. दोघांचं बैठकीत कुजबुजणं चाललं होतं, मी गेले की गप्प. मी नसताना आबांना काही खायला देतात का काय, ह्या संशयानं मी तीनदा डोकावले. काकांचे पाय सुजलेले दिसले, म्हटलं बसमध्ये लटकून सुजले असतील. चहासोबत खिशातून गोळी काढून घेतली. कसली हो काका? "गुडघेदुखीची. मेडिकलवाला देतो. दोन वर्ष झाले, रोज दोन घेतो. तिच्यावरच चालायलाय हा गडी."

जाताना त्यांच्या पिशवीत केळी आणि चार शहाळी भरून दिली. म्हटलं, आबांना चालत नाही, तुम्ही तरी खा. "आण आण. त्याच्या वाट्याचं मीच खातो."

गुरुवार, १६ जानेवारी

भांडण. "मशीन खोटं हाय" एकशे एकाव्यांदा ऐकलं आणि माझा तोल गेला. म्हटलं, आबा, मी पोटॅशियमचीच भाकरी खाते, मशीन खोटं कधी असतं ते मला कळतं! नमुना बिघडला की पोटॅशियम फुगतं, क्रिएटिनिन फुगत नाही! तुमची किडनी चाललीय, कळतंय का? आई अशीच दुखणं अंगावर काढून गेली, आता तुम्ही! नको ते बोलले. आबा भिंतीकडं तोंड करून झोपले. रात्री ते झोपेत असताना मनगट धरून ठोके मोजले. बहात्तर. पुन्हा मोजले. चौऱ्याहत्तर. दोन का वाढले?

ऑफिसात आज तीन नोंदी चुकीच्या केल्या. सत्यशीलानं पकडल्या. तिनं माझं रजिस्टर गपचूप स्वतःकडं ओढून घेतलं.

शुक्रवार, १७ जानेवारी

दिलं! आबांनी रक्त दिलं!

डॉक्टर प्रियदर्शनी स्वतः घरी आली. काही न सांगता आबांजवळ बसली, तुरीचं विचारत. औंदा एकरी किती निघाली, अळी किती होती. बोलता बोलता हात मांडीवर घेतला. दंडाला पट्टा जेमतेम लावला, मूठ आवळायला सांगितलीच नाही. आबांनी डोळे गच्च मिटले होते आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं होतं. आईचं धरायचे तसंच. सुई शिरली तसा पट्टा सोडला. आबा म्हणाले, "टोच आता एकदाचं." ती म्हणाली, "झालं बाबा."

नळी तिनंच लॅबला नेली. संध्याकाळी साडेसहाला रिपोर्ट.

पोटॅशियम ४.४! क्रिएटिनिन ०.९!

मी मोठ्यानं ओरडले. हे धावत आले, त्यांना वाटलं काही झालं. मग तेही रडले, मीही रडले. आबा मात्र शांत. "म्हणलो नव्हतो का, मशीन खोटं हाय." ह्या वेळी म्हटलं, होय हो आबा, खोटं तर खोटं, लाख वेळा खोटं!

डॉक्टरचा फोन आला. तिलाही आनंद झालेला. पण म्हणाली, "मॅडम, सात दिवसांत तीन पॉइंट आठचं पॉइंट नऊ सहसा होत नाही हो. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल. त्या सेलूच्या लॅबला कळवा बरं का, लगेच." हो हो म्हटलं. माझं लक्ष कुठं होतं! आबांसाठी टोमॅटोचं सार टाकायला घेतलं होतं, लसणाची फोडणी देऊन.

शनिवार, १८ जानेवारी

आज घरात हसणं आहे. आबांनी दोन केळी खाल्ली, माझ्याकडं बघत, मुद्दाम सावकाश. काका पुन्हा आले. मी तोंड भरून सांगितलं, रिपोर्ट चांगला आला! दोघांनी टाळी दिली, शाळेतल्या पोरांसारखी. काका म्हणाले, "मग त्या मशीनवाल्याला जाऊन हाणू का एक?"

जिना चढून आले तर पहिल्या मजल्यावर बसले होते थोडा वेळ. जेवलेही नाहीत नीट, तोंडाला चव नाही म्हणाले. म्हटलं वय झालं काका, आता एवढ्या चकरा मारू नका. उरलेली सगळी शहाळी त्यांच्या पिशवीत घातली, एक इथंच फोडून पाजलं. पेंडखजूरही दिलं. घर मोकळं झालं.

लॅबला फोन करायचा राहिला. सोमवारी करू.

रविवार, १९ जानेवारी

खरं म्हणजे आज निवांत झोपायला पाहिजे होतं. नाही जमलं. सकाळपासून काहीतरी टोचतंय.

दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बघत बसले. वालूरचा अकरा तारखेचा आणि परभणीचा. पोटॅशियम सोडा – सोडियम वेगळं, हिमोग्लोबिन तर दोन-अडीचनं वेगळं. एकाच शेताच्या दोन कोपऱ्यांची माती वेगळी असते, मान्य. पण एक काळी आणि एक मुरमाड अशी नसते. हे एका माणसाचं रक्तच नाही. हे सुचायला मला दोन दिवस लागले, आनंदात होते ना!

आणि नळी हिंदकळली, पेशी फुटल्या, काही का होईना – किडनीचा तो आकडा त्यानं येत नाही. तो आकडा कोणाचा तरी खरा आहे.

लॅब आज बंद. फोन वाजून वाजून थांबतो.

सोमवार, २० जानेवारी

ऑफिसात पोचल्या पोचल्या फोन. सेलूच्या लॅबनं दहा तारखेची वही काढली. वालूरहून त्या दिवशी फक्त एकच नळी आली होती. बाकीच्या दुसऱ्या गावांच्या, त्यांचे रिपोर्ट नॉर्मल. मशीन सकाळीच तपासलेलं. "अदलाबदल कशाशी होणार मॅडम? एकच होती." मग वालूरला रक्त गोळा करणाऱ्या नागेशचा नंबर घेतला. पोरगं घाबरलं. "ताई, मी नवीन हाय, नऊ तारखेलाच लागलो. म्हातारबा आले, नाव राधाकिशन सांगितलं, मी नळीवर लिहिलं. सुई सरळ गेली. म्हातारबा जोक मारायलते, हसायलते."

हसायलते? आबा? सुई टोचताना?

दिवसभर डोक्यात भुंगा. पिशव्या समोर, माती समोर, काही दिसत नाही. नागेश काहीतरी लपवतोय. आधीची कुणाची नळी खिशात राहिली असेल, तिलाच आबांचं नाव लागलं असेल. म्हणजे वालूरात एक माणूस आहे ज्याला माहीतच नाही. शेतात जातो, जेवतो, झोपतो, आणि रक्तात सहा पॉइंट सहा. आज दहा दिवस झाले. आणि लगेच कळवा म्हटलेलं असून मी तीन दिवस सार ओरपत बसले!

घरी आले तर आबा लवकर जेवून झोपलेले. उद्या सकाळी विचारते, त्या दिवशी तिथं आणखी कोण कोण होतं रक्त द्यायला.

मंगळवार, २१ जानेवारी – सकाळी सव्वाआठ

चहा घेताना आबांना सांगितलं. मशीन खरं होतं आबा, वालूरातल्या कुणाचं तरी रक्त आहे ते, आणि त्या माणसाचं हृदय कधीही बंद पडू शकतं. कपातला चहा धोतरावर सांडला. पोळलं तरी आबा हलले नाहीत.

"बन्सीधरचं हाय ते."

सुईची भीती वाटली म्हणून आपल्या जागी त्यांना पाठवलं. काकांनी नाव सांगितलं राधाकिशन आणि बाही वर केली. "बैलावाणी गडी हाय गं तो. त्याला काय होतंय! म्हणून म्हणत होतो मी, मशीन खोटं हाय…"

आणि मी दोनदा पिशवी भरून दिली. एक शहाळं तर फोडून हातात दिलं.

हे गाडी काढायला गेलेत. डॉक्टरला सांगितलंय, ती मोठ्या दवाखान्यात खाट बघते. काकांना फोन लावला. तीनदा उचलला नाही. चौथ्यांदा उचलला, हसत.

"काय गं विजू, परत रक्त मागायलेत का त्याला? येतो की मी. दम धर जराक, सकाळधरनं पायच उचलंना झालेत."